हिंगोली ते सॉल्ट लेक: परक्या मैदानावरच्या फायनलचं तिकीट

कोलकात्याहून परतल्यापासून फोनवर एकच विचारणा चालू आहे: तिकीट मिळालं कसं? ४ मे २०२४ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग, म्हणजे फुटबॉलची लीग) फायनल, मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी, आणि तीही मोहन बागानच्या घरच्या मैदानावर, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर. साठ हजारांहून जास्त लोकांत आम्ही मुंबई सिटीचे आकाशी जर्सीवाले मूठभर. त्यातले दोघं हिंगोलीचे, मी आणि माझा मामेभाऊ. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा जसं घडलं तसं एकदाच लिहून ठेवते. नांदेड, परभणी, जालना, लातूरकडच्या कुणाला पुढच्या वेळी जायचं असेल तर त्याला निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल.

मराठवाड्यात आयएसएलचा संघ नाही. त्यातल्या त्यात जवळचा होता पुण्याचा. तो २०१९ मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानं घेतली. माझे पप्पा राज्य राखीव पोलीस दलात, त्यामुळे इथल्या गट क्रमांक १२ च्या मैदानावर फुटबॉल बघतच मोठी झाले. मुंबई सिटीशी नातं जुळलं ते टीव्हीवरून. १३ मार्च २०२१ च्या फायनलमध्ये बिपिन सिंगनं नव्वदाव्या मिनिटाला गोल केला, तेव्हाच्या एटीके मोहन बागानला २-१ नं हरवलं आणि ते नातं पक्कं झालं. पण ती फायनल कोरोनामुळे गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर झाली होती. कुणालाच जाता आलं नव्हतं.

मुंबईचं अंधेरीतलं मैदान मुंबईकरांना घरचं. आम्हाला तेही एका रात्रीच्या प्रवासावर. हिंगोलीच्या माणसाला प्रत्येक मॅच अवेच, म्हणजे परक्या मैदानावरची. तिकीट विकणारी सगळी व्यवस्था मात्र असं धरून चालते की चाहता त्याच शहरात राहतो आणि ऑफिस सुटलं की मेट्रो धरून स्टेडियमवर येतो. मॅचच्या दोन दिवस आधी तिकीट हातात आलं तरी त्याचं काही अडत नाही. आपल्याला मात्र त्या दोन दिवसांत रेल्वेचं रिझर्वेशन, रजा, राहायची सोय आणि घरच्यांची समजूत हे सगळं उरकायचं असतं. ही अडचण कुणाच्या डोक्यातच नसते, म्हणून आपली तयारी आपल्यालाच उलट्या क्रमानं करावी लागते.

आता तारखा. १५ एप्रिलला साखळीतली शेवटची मॅच याच दोन संघांत सॉल्ट लेकवर झाली. मोहन बागाननं ती २-१ नं जिंकली, ४८ गुणांवर गेले आणि साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड त्यांची झाली. आपण ४७ वर दुसरे. फायनलसाठी नियम असा होता की फायनलला पोचलेल्या दोघांपैकी जो गुणतालिकेत वर, त्याच्या मैदानावर फायनल. त्यामुळे मोहन बागान फायनलला आले तर कोलकाता ठरलेलं होतं. उपांत्य फेरी दोन-दोन मॅचची, दोन्हींतले गोल मिळून निकाल. २३ एप्रिलला पहिल्या मॅचमध्ये ते ओडिशाकडून १-२ असे हरले, तेव्हा थोडी आशा वाटली. २४ तारखेला गोव्यात आपण ०-२ असे मागे होतो आणि नव्वद मिनिटं संपत आली असताना तीन गोल करून ३-२ नं जिंकलो. आमच्या घरात त्या रात्री कुणी झोपलं नाही. २६ तारखेला हिंगोलीत लोकसभेचं मतदान होतं, बोटाला शाई लावून आलो आणि दुपारभर भाऊ आणि मी नकाशा घेऊन बसलो. २८ तारखेला रविवारी मोहन बागाननं ओडिशाला २-० नं हरवलं, दुसरा गोल भरपाई वेळेत सहल अब्दुल समदचा. कोलकाता ठरलं. सोमवारी, २९ ला, आपण अंधेरीत गोव्याला २-० नं हरवलं. फायनल शनिवारी. हातात धड पाच दिवससुद्धा नव्हते.

तिकिटासाठी पहिलं दार म्हणजे अॅप. सोमवारी रात्री शिट्टी वाजली तशी आम्ही दोन फोनवर बसलो. स्टेडियमचा नकाशा उघडला तर बहुतेक स्टँड राखाडी. मधेच एखादा हिरवा व्हायचा, दोन सीट निवडायच्या, 'पुढे जा' दाबायचं, तोवर दुसऱ्या कुणीतरी उचललेल्या. एकदा पैसे भरायच्या पानापर्यंत पोचलो. यूपीआयचा पिन टाकला, बँकेचा मेसेज आला, पैसे गेले आणि अॅपवर पांढरं पान. तिकीट नाही. ग्राहक सेवेकडून उत्तर आलं की काही कामकाजाच्या दिवसांत रक्कम परत होईल. घाबरू नका, पण अशा वेळी तीन गोष्टी लगेच करा: बँकेच्या मेसेजमधला यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) लिहून ठेवा, त्या पांढऱ्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, आणि तक्रार त्याच रात्री नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आमचे पैसे आले, पण परत हिंगोलीला पोचल्यावर. म्हणजे तेवढी रक्कम ऐन गरजेच्या वेळी अडकून पडली. खात्यात थोडी जादा शिल्लक असल्याशिवाय या भानगडीत पडू नये हे मी मनापासून सांगते.

अॅपवर त्या रात्री तिकीट मिळालं असतं तरी ते होम स्टँडचं, म्हणजे मोहन बागानच्या समर्थकांत बसायचं मिळालं असतं, ही गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. कोलकात्याच्या एका मोहन बागान समर्थकाशी समाजमाध्यमावर माझी जुनी ओळख आहे, फुटबॉलवर वाद घालता घालता झालेली. त्यांना मी दादा म्हणते. त्यांनी सरळ सांगितलं, "बहन, हमारे स्टँड में नीली जर्सी पहनकर मत बैठना. मारेगा कोई नहीं, पर गोल हुआ तो तुम उछल नहीं पाओगी." इतक्या लांब जाऊन गोल झाल्यावर हात मांडीखाली दाबून बसायचं असेल तर जायचंच कशाला? पाहुण्या संघाच्या समर्थकांचा वेगळा भाग असतो, त्याची तिकिटं समर्थक गटामार्फत वाटली जातात, तिकडं प्रयत्न कर, असंही दादांनीच सांगितलं. समोरच्या संघाच्या माणसानं आपल्याला नीट रस्ता दाखवावा याचं मला फार अप्रूप वाटलं.

मंगळवारी ३० तारखेला मुंबईच्या समर्थक गटाचा फॉर्म सापडला. आधारवर आहे तसं नाव, मोबाइल, सोबत कोण, कोलकात्याला कधी पोचणार, आणि या हंगामात कोणत्या मॅचला आला होतात. शेवटच्या प्रश्नाला कारण आहे. मोठ्या मॅचला होम स्टँड भरले की तिथलेच लोक पाहुण्यांच्या भागातली तिकिटं उचलायला बघतात, आणि मग त्या चिमुकल्या भागातही आपण परकेच. संध्याकाळी गटातल्या एका मुलाचा फोन आला. अगदी सभ्यपणे चौकशी केली: अंधेरीत कधी आला होतात, कुठल्या स्टँडला बसला होतात. माझ्याकडं जुन्या तिकिटांचे फोटो फोनमध्ये होते ते पाठवले. तेव्हा जुनी तिकिटं, रेल्वेची असोत की मॅचची, पुसू नका. आपण खरे समर्थक आहोत याचा तेवढाच कागद आपल्याकडं असतो. 'यादीत नाव घातलंय, पण नक्की किती तिकिटं मिळणार ते अजून आम्हालाच सांगितलेलं नाही,' असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

इथं मला इंग्लंडची गोष्ट सांगावीशी वाटते. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला तीन हजार तिकिटं द्यावी लागतात, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. हा आकडा नियमात लिहिलेला आहे. २०१६-१७ च्या हंगामापासून अवे तिकीट तीस पौंडांच्या वर विकता येत नाही. ती तिकिटं बरेच क्लब गुणांवर देतात: आधी जितक्या अवे मॅच केल्या तितके गुण, ज्याचे गुण जास्त त्याला आधी संधी. त्यातही अडचण आहेच. नव्या पोराला गुण नाहीत म्हणून तिकीट नाही, आणि तिकीट नाही म्हणून गुण नाहीत; लिव्हरपूल-मँचेस्टरसारख्या मॅचला वर्षानुवर्षं खटपट करूनही लोक घरी बसतात. पण निदान किती जागा आहेत, कुणाला आणि कधी मिळणार, हे आधी कळतं. नाही मिळणार हे कळलं तरी माणूस रजा वाचवतो, रेल्वेचे पैसे वाचवतो. आम्हाला दोन हजारांचं रेल्वेचं तिकीट काढावं लागलं ते मॅचचं तिकीट आहे की नाही हे माहीत नसताना.

कारण रेल्वे थांबत नाही. मे महिना, शाळांना सुट्ट्या. नेहमीच्या कोट्यात हावड्याच्या गाड्यांना कुठं लांबलचक वेटिंग, कुठं सरळ रिग्रेट, म्हणजे वेटिंगसुद्धा बंद. हैदराबादहून विमान बघितलं, माणशी भाडं पाहून ते पान बंद केलं. हिंगोलीकरांना सोयीचं स्टेशन म्हणजे अकोला; मुंबई-हावडा मुख्य मार्ग तिथून जातो, गीतांजली एक्सप्रेस तिथं थांबते. ही गाडी पहाटे मुंबईहून निघते, दुपारी अकोल्याला येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. आम्ही २ मेची गाडी ठरवली. ३ ची धरली असती तरी मॅचच्या दुपारी पोचलो असतो, पण गाडी पाच-सहा तास लेट झाली की सगळं मुसळ केरात. मॅचच्या आदल्या दिवशी त्या गावात असायचंच, हा नियम मी कधी मोडत नाही.

तत्काळचं सांगते, कारण यात बरेच जण फसतात. गाडी ज्या दिवशी तिच्या पहिल्या स्टेशनावरून सुटते त्याच्या आदल्या दिवशी तत्काळ उघडतं, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. गीतांजली मुंबईहून निघते त्याच दिवशी अकोल्याला येते, त्यामुळे हिशेब सोपा. पण पुण्याहून संध्याकाळी निघणारी आझाद हिंद आपल्याकडं मध्यरात्रीनंतर येते. तिचं तत्काळ अकोल्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी उघडेल. प्रवाशांची नावं, वयं रेल्वेच्या साइटवरच्या मास्टर लिस्टमध्ये आधीच भरून ठेवायची. पैसे वॉलेटमधून भरायचे, यूपीआयला जाणारे पंधरा-वीस सेकंदही महाग पडतात. आणि कन्फर्म झालेलं तत्काळ रद्द केलं तर एक रुपया परत मिळत नाही.

१ मे, महाराष्ट्र दिन. पप्पा परेडला गेलेले. दहाला दहा मिनिटं कमी असताना मी लॉगिन केलं, भाऊ दुसऱ्या फोनवर घड्याळ बघत उभा. मागून आई म्हणाली, "अगं, तिकडचं तिकीट हाती नाही अन् गाडीचं काढायलीस? साठ हजार बंगाली अन् तुम्ही दोघं, काय म्हणावं माय." तिची काळजी खरी होती, तिला मी काही उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडंही नव्हतं. मनाशी एवढंच ठरवलं होतं की तिकीट नाहीच मिळालं तर स्टेडियमबाहेर उभं राहून ऐकू, पण त्या गावात असू. दहा वाजले. थ्री एसीत दोन बर्थ, एक खालची, एक मधली. तत्काळसकट माणशी दोन हजारांच्या आसपास. पप्पा आले, त्यांनी पीएनआर कागदावर लिहून घेतला आणि म्हणाले, "जा. पण रोज सकाळ-संध्याकाळ फोन."

गुरुवारी सकाळी हिंगोली-वाशिम-अकोला एसटीनं निघालो. मला अर्धं तिकीट, भावाला पूर्ण. महिलांच्या अर्ध्या तिकिटानं माझ्यासारखीचा फिरण्याचा खर्च खरंच कमी झालाय. अकोल्याला फलाटावर ऊन असं की बाकड्यावर हात ठेववेना. गीतांजली थोडी उशिरा आली. आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे बांधून दिले होते.

याच दरम्यान एक माणूस भावाच्या मागं लागला होता. समाजमाध्यमावर 'फायनलची दोन तिकिटं' अशी जाहिरात टाकणारा. छापील किमतीच्या चौपट मागत होता, निम्मे आधी, आणि पुरावा म्हणून क्यूआर कोडचा अर्धा झाकलेला फोटो. भाऊ पाघळला होता. "ताई, घेऊन टाकू. यादीचं काय खरं नाही." मी तो फोटो कोलकात्याच्या दादांना पाठवला. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत: हाच फोटो त्यांच्या ओळखीच्या आणखी दोघांना आलेला. एक कोड दहा जणांना विकतात; गेटवर पहिला जो पोचेल तो आत, बाकी बाहेर. ब्लॅकवाल्याला पैसे देऊ नका. नुकसानीपेक्षाही मला राग याचा येतो की तिकिटासाठी तळमळणाऱ्या माणसाचीच लूट होते.

नागपूर गेलं, संध्याकाळ झाली. गोंदिया सुटल्यावर फोन वाजला, समर्थक गटाचा मेसेज: तुमची दोन तिकिटं मंजूर, अमुक नंबरवर अर्ध्या तासात पैसे पाठवा, नाहीतर पुढच्या नावाला जातील. तिकिटांची संख्या त्यांनाच उशिरा कळली होती, त्यामुळे त्यांचाही इलाज नव्हता. आनंद व्हायच्या आत रेंज गेली. गोंदियाच्या पुढं दरेकसाचा घाट लागतो, दोन्हीकडं जंगल, मधे बोगदा. भाऊ दारापाशी जाऊन फोन उंच धरून उभा, मी पँट्रीच्या बाजूला. पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. एका वयस्कर बंगाली काकूंनी विचारलं काय झालं, आम्ही सांगितलं, तर त्यांनी वरच्या बर्थवरच्या मुलाला उठवून त्याचा दुसऱ्या कंपनीचा फोन काढायला लावला आणि हॉटस्पॉट चालू करून दिला. डोंगरगड जवळ आलं तशी एक काडी आली आणि पैसे गेले. 'मिळाले' असा उलट मेसेज येईपर्यंत आमचं जेवण गळ्याखाली उतरलं नाही. काकू मोहन बागानच्या निघाल्या. १९११ साली अनवाणी पायांनी गोऱ्यांच्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकल्याची गोष्ट त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितली होती, ती त्यांनी आम्हाला सांगितली. निघताना म्हणाल्या, "देखो अच्छे से, पर जीतेंगे हम." दोन सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा, ही सूचना मी त्या रात्रीपासून सगळ्यांना देते.

शुक्रवारी दुपारी हावडा. कोलकात्यात त्या आठवड्यात उष्णतेची लाट, पारा त्रेचाळीसपर्यंत गेला होता. आपल्याला उन्हाची सवय आहे, पण तिथलं दमट ऊन वेगळंच, घाम वाळतच नाही. हावड्याहून मेट्रो मार्च २०२४ मध्येच सुरू झाली होती, हुगळीच्या खालून एस्प्लनेडपर्यंत. पुढं सियालदापर्यंतचा तुकडा तेव्हा जोडलेला नव्हता (तो ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला), तेवढं बसनं जावं लागलं. सियालदाहून पुन्हा मेट्रो, फुलबागान आणि मग 'सॉल्ट लेक स्टेडियम' नावाचंच स्टेशन. म्हणून राहायला सियालदाच्या आसपास बघा. आम्हाला साधी एसी खोली दीड हजाराला मिळाली. मालकानं आधार घेतलं आणि विचारलं, "मैच?" आम्ही मान हलवली. "कौन सा?" आम्ही सांगितलं. तो हसला आणि थंड पाण्याची बाटली वर पाठवून दिली.

शनिवारी सकाळी दहाला आधी परतीचं तत्काळ, ५ तारखेच्या गीतांजलीचं. मॅचच्या गडबडीत हे विसरलं की रविवारी अडकलात. मग पॉवर बँक, नाणी, बाटल्या, अत्तर, सगळं खोलीवर ठेवलं. गेटवर हे आत नेऊ देत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. जवळ फक्त फोन, ओळखपत्र, नोटा. जर्सी घातली आणि वरून साधा कुर्ता. भावानं वरून शर्ट. आत आपल्या भागात पोचेपर्यंत रंग झाकलेला बरा. कुणी वाकडं बोललं नाही आम्हाला, पण गर्दीत उगाच कुणाच्या डोळ्यावर का यायचं.

तिकिटं संध्याकाळी चारला ठरलेल्या ठिकाणी मिळणार होती. मेट्रोतून बाहेर पडलो तर समोर हिरवा आणि मरून, दुसरा रंगच नाही. ढोल, भोंगे, 'जॉय मोहन बागान'च्या आरोळ्या, खांद्यावर लहान पोरं, काठी टेकत चाललेले म्हातारे. गटातला तो फोनवाला मुलगा एका झाडाखाली पाठीवरची सॅक पोटाशी धरून उभा होता, घामानं चिंब. त्यानं आधार बघितलं, वहीत टिक केली आणि आमच्या हातात दोन कागदी तिकिटं ठेवली. जाडसर, गुळगुळीत कागद. दोन्ही क्लबची चिन्हं, खाली गेट, ब्लॉक, बारकोड, कडेला फाडायची ठिपक्यांची रेघ. भावानं ते ओल्या बोटांनी धरलं तशी मी ओरडले. बारकोडची शाई पसरली तर यंत्र वाचत नाही. रुमालात गुंडाळून ठेवलं. हा कागद हाती येईपर्यंत मंगळवारपासून पोटात जो गोळा होता तो तिथं सुटला, आणि मी त्या मुलाचे आभार मानताना रडले. तो स्वतःचं काम सोडून आठवडाभर हेच करत होता, एक पैसा न घेता.

गेट शोधायला वेळ ठेवा. विवेकानंद युवा भारती क्रीडांगण, म्हणजे हेच सॉल्ट लेक स्टेडियम, बाहेरून अवाढव्य आहे. चुकीच्या बाजूला उतरलात तर पाऊण चक्कर मारावी लागते. महिलांची तपासणीची रांग वेगळी आणि लहान होती, मी भावाच्या बरीच आधी आत. पाणी आत विकत मिळतं पण मध्यंतरापर्यंत संपतं, आधीच घेऊन ठेवा.

आमचा भाग म्हणजे वरच्या बाजूचा एक तुकडा, दोन्हीकडं रिकाम्या रांगा आणि पोलिसांची साखळी. कुर्ता काढला. मुंबई, पुणे, गोवा, बंगळूरहून आलेली माणसं, आणि नोकरीनिमित्त कोलकात्यातच राहणारे काही मराठी लोक. एकानं विचारलं कुठून? हिंगोली म्हटल्यावर पाठीमागच्या रांगेतून आवाज आला, "आम्ही वसमतचे!" नवरा-बायको, सध्या खरगपूरला. वसमत आमच्याच जिल्ह्यातलं. त्या गोंगाटात मराठवाडी बोली ऐकून किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

साडेसातला मॅच सुरू झाली. ४४ व्या मिनिटाला जेसन कमिंग्जनं गोल केला आणि ६२ हजार लोक एकदम उठले. तो आवाज कानावर येत नाही, पायाखालच्या काँक्रीटमधून वर चढतो. मध्यंतरात आम्ही कुणीच कुणाशी बोललो नाही. ५३ व्या मिनिटाला होर्हे परेरा डियाझनं बरोबरी केली, आणि स्टेडियममध्ये एवढी शांतता पसरली की आमच्या मूठभर लोकांच्या आरोळ्या आम्हालाच स्पष्ट ऐकू आल्या. ८१ व्या मिनिटाला बिपिन सिंग. पुन्हा बिपिन! २०२१ ला टीव्हीसमोर बघितलेला माणूस आता डोळ्यांसमोर होता. भरपाई वेळेत याकुब वोयटुसचा तिसरा, ३-१. राहुल भेकेनं, आपल्या मुंबईच्या पोरानं, कप्तान म्हणून चषक उचलला. वसमतच्या ताईंनी मला मिठी मारली ती कितीतरी वेळ सोडली नाही.

मॅच संपल्यावर पाहुण्यांना लगेच सोडत नाहीत. बाकी मैदान रिकामं होईपर्यंत पोलिसांनी आम्हाला थांबवून ठेवलं, आणि ते योग्यच आहे. रात्री उशीर होणार हे धरून चाला, खोलीवाल्याला आधी सांगून ठेवा. बाहेर पडलो तेव्हा आम्ही जर्सी पुन्हा झाकल्या होत्या, तरी बायपासवर एका घोळक्यानं ओळखलं. त्यातल्या एकानं पुढं येऊन हात मिळवला, "अच्छा खेला." अॅपच्या टॅक्सीचे दर तिप्पट दाखवत होते, म्हणून थोडं चालत जाऊन साधी पिवळी टॅक्सी केली. कोलकात्याच्या दादांचा फोन आला. त्यांचा आवाज बसलेला होता, तरी पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो आम्ही नीट पोचलो का हा.

दोघांचा मिळून एकूण खर्च साधारण चौदा हजार: निम्म्याहून जास्त रेल्वे, मग खोली, मग खाणं-पिणं आणि टॅक्सी. मॅचचं तिकीट हा या सगळ्यातला सर्वांत लहान आकडा. म्हणूनच माझं लीगला आणि क्लबांना कळकळीचं सांगणं आहे, आणि हे मी त्यांना लिहूनही पाठवलंय: ज्या रात्री फायनलचं ठिकाण आणि संघ ठरतात, त्याच रात्री पाहुण्यांच्या जागा किती आणि विक्री कधी हे जाहीर करा. एक ओळ पुरे. तेवढ्यानं लांबून येणाऱ्या माणसाला रेल्वेचं तिकीट डोळे उघडे ठेवून काढता येईल.

नव्या हंगामाचं वेळापत्रक लागलं की आम्ही गोव्याची मॅच बघणार आहोत. समर्थक गटाच्या यादीत आता आमची नावं आहेत. फॉर्म निघाला की मी इथं टाकेन. कुणाला सोबत यायचं असेल तर जुन्या तिकिटांचे फोटो आतापासून जपून ठेवा आणि खाली कळवा, म्हणजे तत्काळच्या सकाळी कोण कुठल्या फोनवर बसणार ते आधीच ठरवता येईल.